साथीच्या छायेतील माता आणि बालके



साथ आली की मृतांची मोजणी रोज होते. आकडे प्रसिद्ध होतात आणि त्यांवरून साथीचा जोर ठरविला जातो. परंतु त्याच काळात आणखी एक यादी वाढत असते. साथीच्या रोगाची बाधा न होताही, केवळ नित्याची सेवा खंडित झाल्यामुळे दगावलेल्या माता व अर्भकांची ती यादी होय. ती कोणी रोज वाचून दाखवीत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या लहानशा देशाचे उदाहरण घेऊ. तेथे २०१० साली शासनाने गर्भवती, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी आरोग्यसेवा निःशुल्क केली. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली. हा रोग रक्त व शरीरातील इतर स्राव यांच्या संपर्काने पसरतो, आणि प्रसूती म्हटली की रक्तस्राव आलाच. समोर आलेली स्त्री इबोलाची रुग्ण आहे की अडलेली बाळंतीण, हे पाहताक्षणी सांगता येईना. परिचारिका स्वतःच रोगाला बळी पडत होत्या. त्या हात लावण्यास कचरू लागल्या, आणि स्त्रिया दवाखान्यालाच भिऊ लागल्या. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला. २०१४-१५ या एका वर्षात सेवांचा वापर घटल्यामुळे माता, नवजात अर्भके व मृतजात बालके मिळून सुमारे ३,६०० जीव अधिक गेले, असा त्यांचा सावध अंदाज आहे. प्रत्यक्ष इबोलाने त्या देशात सुमारे ४,००० माणसे मृत्यू पावली होती. दुसरी यादी पहिलीच्या जवळ जाऊन पोहोचली, ती अशी.

आपल्याकडे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली. वाहने थांबली. गावोगावी भरणारी लसीकरणाची सत्रे अनेक ठिकाणी काही आठवडे बंद राहिली. एरवी गर्भवतींच्या घरी जाणाऱ्या आशा कार्यकर्त्यांवर रुग्णशोधाचे काम येऊन पडले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लशीची पहिली मात्राही न मिळालेली बालके भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती सुमारे ३० लाख झाली.

इतर पुष्कळ कामे पुढे ढकलता येतात. गर्भ मात्र साथ ओसरण्याची वाट पाहत नाही. सहाव्या आठवड्याची लस, नवव्या महिन्याची गोवराची लस, प्रसूतीपूर्वीची रक्तदाबाची तपासणी, या प्रत्येकीची वेळ ठरलेली असते. चुकलेल्या वेळेची किंमत कधी कधी दोन वर्षांनी द्यावी लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराचा उद्रेक झाला. त्यामागे दाट वस्ती, कुपोषण अशी इतरही कारणे होती. पण लसीकरणात पडलेला खंड हे त्यांतील एक ठळक कारण होते.

मग करावे काय? साथीची तयारी करताना खाटा आणि प्राणवायू यांच्याबरोबरच प्रसूतिकक्ष व लसीकरण यांसाठी माणसे व साहित्य आधीच राखून ठेवावे. बाळंतिणीला आणणाऱ्या वाहनाला कोणत्याही बंदीत अडवू नये. परिचारिकेला हातमोजे मिळावेत. तिचे भय हा तिचा दोष नव्हे. आणि रोजच्या आकड्यांत त्या दुसऱ्या यादीलाही स्थान द्यावे. जे मोजले जात नाही, ते वाचविण्याची निकड कोणाला भासत नाही.