अण्णांची पाण्याची वही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर पंधरा मिनिटं एआयवर बोल." मी हो म्हटलं. पण मग आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चाळला. वाढदिवस आणि विनोद सोडले तर सगळ्यात जास्त निरोप कुणाच्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीचे, कुणाच्या आईच्या गुडघ्यांचे, आणि आता हळूहळू आपल्या स्वतःच्या शुगरचे आहेत. म्हणून विषय बदलायची परवानगी घेते. एआयबद्दल तुमची मुलं तुम्हांला माझ्यापेक्षा बरं सांगतील. मी आज माझ्या वडिलांबद्दल आणि आम्हां दोघांना झालेल्या एका आजाराबद्दल बोलणार आहे.

आमच्या अण्णांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. ते पाटबंधारे खात्यात होते. सायकलवरून नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं फिरणारे, गळ्यात तुळशीची माळ आणि कॅरिअरला हिशेबाची वही. वीर धरणातून येणारं हे पाणी आपल्या फलटणवरून पुढे माळशिरस-पंढरपूरकडे जातं. अण्णा गमतीनं म्हणायचे, "माणसं वर्षातून एकदा वारी करतात, पाणी प्रत्येक पाळीला करतं." शेतीमागे ज्यांची घरं होती त्यांना शेजपाळी ठाऊक असेल. पाणी द्यायचं ते टेलपासून, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याला आधी आणि मग वर वर येत. वरच्याला आधी दिलं तर खालच्यापर्यंत पोचतच नाही. यावरून अण्णांनी भांडणं ओढवून घेतली, पण पाळी मोडली नाही.

पालखी आली की आपल्याला शाळेला सुट्टी असायची आणि अण्णा रजा टाकून इथून पुढे पंढरपूरपर्यंत चालत जायचे. वर्षाच्या चोवीस एकादश्या, रोज संध्याकाळी हरिपाठ. घरात देवाबद्दल फारशी चर्चा नसायची. होता तो नेम.

२०१४ साली, चौसष्टाव्या वर्षी, अण्णांची मूत्रपिंडं थकली. आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी. यात मूत्रपिंडांत पाण्यानं भरलेल्या गाठी होतात, त्या वर्षानुवर्षं वाढत जातात आणि चांगला भाग दाबून टाकतात. बरीच वर्षं काही जाणवत नाही. अण्णांना तर फक्त ब्लडप्रेशर आहे असंच आम्हांला वाटायचं. आता आठवड्यातून तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार, चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. खर्चाचा मोठा भार सरकारी आरोग्य योजनेनं उचलला, म्हणून ते निभावलं.

सुरुवातीला मानेतून नळी घालावी लागते. तिथल्या टेक्निशियननं माळ काढायला सांगितली. आईचा चेहरा उतरला, कारण वारकऱ्याची माळ एकदा घातली की उतरवायची नाही. अण्णांनी ती काढली, उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली आणि म्हणाले, "गळ्यातून मनगटावर आली, एवढंच." पुढे डाव्या हाताला फिस्टुला केला. शीर आणि रोहिणी जोडली की तिथं बोट ठेवल्यावर सतत थरथर लागते, आणि ती चालू आहे ना हे रोज तपासायचं असतं. अण्णा सकाळी उठले की हातावर बोटं ठेवून आईला सांगायचे, "चारीला पाणी सुटलंय."

खरी परीक्षा पाण्याची होती. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट सगळं धरून दिवसाला एक लिटर. जन्मभर ज्यांनी क्युसेकमध्ये पाणी सोडलं त्यांना हे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. अण्णांनीच हिशेब करून सांगितलं, "एका क्युसेकचं एका सेकंदाचं पाणी मला चार आठवडे पुरेल." तिकडे मशीनला मात्र मिनिटाला अर्धा लिटर द्रव लागतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे पाणी पुढे कुठं सोडता?"

मी त्यांच्यासाठी फोनवर छान तक्ता करून दिला होता. त्यांनी तो कौतुकानं पाहिला आणि बाजूला ठेवला. मग दोनशे पानी वही घेतली, पाळीपत्रकासारखे रकाने आखले आणि वेळ, काय प्यायलं, किती मिली असं लिहायला लागले. त्यात एक नोंद रोज असायची: तीर्थ, ५ मिली. देवाचं म्हणून ते हिशेबातून सुटलं नाही.

एकादशीचा प्रश्न आला. शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळं, खजूर, शहाळं, म्हणजे आपला सगळा फराळ पोटॅशियमनं भरलेला. निरोगी माणसाला त्याचं काही नाही. डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय त्यानं थांबू शकतं. आहारतज्ज्ञ बाईंनी हे सांगितल्यावर मला वाटलं, आता वाद होणार. अण्णांनी विचारलं, "मग चालतं काय?" त्या म्हणाल्या, "तुमचं नेहमीचंच, भाकरी आणि पाणी काढलेली भाजी." त्या एकादशीपासून ते भाकरी खायला लागले. कीर्तनातल्या एका मित्रानं टोकलं, तेव्हा म्हणाले, "तुम्हांला दिवसभर अन्न सोडायचं आहे, मला रोज पाणी सोडायचं आहे. उपास माझा मोठा आहे."

त्या काळात घरी खूप लोक आले. कुणी काढा आणला, कुणी मुळी, कुणी अमक्या देवाला नवस बोला म्हणालं. अण्णा सगळ्यांना चहा पाजायचे आणि काढा परत द्यायचे. "विठोबाकडे मी मागायला जात नव्हतो, भेटायला जात होतो," असं ते एकदा म्हणाले. २०१५ची आषाढी एकादशी २७ जुलैला, सोमवारी आली. त्यांचा डायलिसिसचा दिवस. ते मशीनला जोडलेले, डोळे मिटून हरिपाठ म्हणत होते. शेजारच्या खुर्चीवर एक पंचविशीचा मुलगा होता, कंपनीत कामाला. त्याला सकाळची वेळ मिळाली नाही तर नोकरी जाणार होती. पुढच्या आठवड्यापासून अण्णांनी आपली सकाळची पाळी त्याला दिली आणि स्वतः दुपारची घेतली. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, "तो टेलला आहे."

आता माझ्या वाट्याचा भाग.

डायलिसिस सुरू झालं त्याच वर्षी मी माझं मूत्रपिंड द्यायचं ठरवलं. मी एकुलती एक. आईला मधुमेह, तिचं चालणार नव्हतं. नवऱ्याशी बोलले, ऑफिसात रजेचं सांगितलं. अण्णा नाही म्हणत राहिले, तरी मी तपासण्या सुरू केल्या. सोनोग्राफीत डॉक्टरांचा हात एका जागी थांबला, मग दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथंही थांबला. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होत्या. वय चौतीस.

हा आजार वारशानं येतो, हे आम्हांला तेव्हाच नीट कळलं. घरी येऊन सांगितलं. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अंगणात माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "हुंडा देणार नाही म्हणालो होतो तुझ्या लग्नात. आणि हे देऊन बसलो."

मित्रांनो, त्या वेळी मला आपल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. त्यांनी फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढून शिकवलं होतं, तसंच मी फरशीवर खडूनं काढलं. प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. तुमची एक चांगली आहे, एक बिघडलेली. मुलाला दोनातली एकच जाते, आणि कुठली जाईल हे नाणं उडवल्यासारखं. मुलगा असो, मुलगी असो, पन्नास टक्के. अण्णांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे मी निवडलं नाही?" मी म्हटलं, नाही. "आणि त्यानं?" त्यांचा हात देवघराकडे होता. मी म्हटलं, "अण्णा, मला त्याचं माहीत नाही. पण यात शिक्षा नाही, कुणाच्या पापाचा हिशेब नाही." ते म्हणाले, "मग त्याच्यावरही आळ नको, माझ्यावरही नको." आणि उठून त्यांनी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला. कारण डॉक्टरांनी मला उलटं सांगितलं होतं: भरपूर पाणी प्यायचं, तहान लागू द्यायची नाही.

त्यानंतर मी माहेरी आले की आमच्या घरात दोन वह्या असायच्या. त्यांची एक लिटरची, माझी तीन लिटरची. स्वतः तहानलेला माणूस माझं पाणी मोजायचा, आणि कमी भरलं तर रागवायचा. बाप म्हणून त्यांनी मला खूप दिलं, पण मला सगळ्यात जास्त हे आठवतं.

त्यांचं नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत होतं. पाळी येण्याआधी हृदय कमजोर झालं आणि नाव मागे घ्यावं लागलं. २०१९ साली ते गेले. शेवटच्या वहीत आदल्या रात्रीपर्यंतच्या नोंदी आहेत.

आज माझं मूत्रपिंडांचं काम निम्म्याच्या आसपास आहे. सकाळ-संध्याकाळ ब्लडप्रेशर, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, आणि डोकं कितीही दुखलं तरी मनानं वेदनाशामक गोळी नाही. आमच्या धंद्यात सांगायचं तर हा असा बग आहे ज्याला पूर्ण घालवणारा पॅच अजून आलेला नाही, म्हणून मॉनिटरिंग आहे. मी अण्णांसारखी भाविक नाही. माळ घातली नाही, वारी केली नाही. पण रोज सकाळी मशीनचा पट्टा दंडाला बांधून पाच मिनिटं गप्प बसते, आकडा वहीत लिहिते, आणि तो चांगला असो वा वाईट, दिवसाला लागते. श्रद्धा म्हणजे आजार बरा होईल ही खात्री, असं मला पूर्वी ऐकून वाटायचं. अण्णांकडे तशी खात्री नव्हती. त्यांनी परिस्थिती बदलली तसा नेम बदलला, पण नेम सोडला नाही. माझ्या हाती त्यातलं एवढं आलं आहे, आणि ते पुरतं.

माझी लेक आता सोळा वर्षांची आहे. तिनं मला सरळ विचारलं, "मलाही असेल का?" मी तिलाही खडूनं तेच चित्र काढून दाखवलं. डॉक्टरांचा सल्ला आहे की ब्लडप्रेशर दर वर्षी बघा, पण सोनोग्राफी करून घ्यायची का हे मोठी झाल्यावर तिचं तिला ठरवू द्या. तिच्या वाढदिवसाला ओवाळायच्या आधी तिचे बाबा तिचं ब्लडप्रेशर मोजतात. ती तोंड वाकडं करते, हात पुढे करते. उत्तर माहीत नसताना शांत राहणं मला अजून रोज शिकावं लागतं. तिच्या बाबांना ते माझ्यापेक्षा बरं जमतं.

शेवटी तीन विनंत्या, आणि मग जेवायला मोकळे.

पहिली, आपण सगळे पंचेचाळिशीला पोचलो आहोत. ब्लडप्रेशर मोजा, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करा. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर नक्कीच.

दुसरी, अवयवदानाबद्दल घरच्यांशी एकदा तरी मोकळेपणानं बोलून ठेवा. वेळ आल्यावर निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो, आणि तेव्हा त्यांना तुमची इच्छा माहीत असली पाहिजे.

तिसरी, ज्यांचे वडील आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांच्या गोळ्या, त्यांचे रिपोर्ट, त्यांचं पथ्य नीट विचारून घ्या. त्या निमित्तानं बऱ्याच इतर गोष्टीही बोलून होतात.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुमचे वाटाणे एका बापाच्या मनावरचं ओझं उतरवायला उपयोगी पडले, हे तुम्हांला सांगायचं राहिलं होतं. ते आज सांगितलं.