कायची लिंक?

आज आम्ही एका शब्दावर बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो आपल्या चुलीपर्यंत येऊन पोचला आहे. तो शब्द म्हणजे 'लिंक'.

सोयाबीन सोंगायचे दिवस होते. आमच्या गटातली एक मावशी मजुरी पाडून बँकेत गेली. खिडकीतून उत्तर आलं, "मावशी, लिंक नाही, उद्या या." मावशीला वाटलं, आपलं आधार लिंक नाही. दुसऱ्या दिवशीही मजुरी पाडून ती आधार केंद्रावर गेली आणि रांगेत बसली. दुपारी कळलं की आधार तर आधीच जोडलेलं आहे. बँकेत त्या दिवशी नुसतं नेटवर्क बंद होतं!

बैठकीत मावशी म्हणाली, "म्या तं मागच्याच साली लिंक करून आनली. मंग आता ही कायची लिंक वं माय?" आम्ही हसलो आणि मग गप्प झालो. एका शब्दापायी दोन दिवसांची मजुरी गेली होती, आणि तो शब्द आमच्यापैकी एकीलाही नीट सांगता येत नव्हता. म्हणून आम्ही तो समजून घ्यायचं ठरवलं.

लिंक म्हणजे मुळात साखळीची कडी. इंग्रजांची जमीन मोजायची ६६ फुटी साखळी असायची. तिच्यात १०० कड्या, त्यांना लिंक म्हणत. कडीचं काम जोडायचं. म्हणजे लिंक म्हटलं की दोन टोकं आलीच. तेवढं विचारलं की अर्थ उलगडतो: काय, कशाला जोडायचं आहे?

बँकेत "लिंक नाही" म्हणतात, तेव्हा बहुधा बँकेचं नेटवर्क बंद असतं. त्यात आपलं कागदपत्र चुकलेलं नसतं. कधी येऊ, एवढं विचारून घ्यायचं.

"आधार लिंक करा" म्हणतात, तेव्हा आधार नंबर बँक खात्याला जोडायचा असतो. इथे एक गोम आहे. आपली दोन-तीन खाती असली, तरी सरकारी योजनेचे आधारवरून येणारे पैसे एकाच खात्यात जातात; ज्या खात्याला सगळ्यात शेवटी तशी जोडणी केली, त्यात. लाडक्या बहिणीचे पैसे "आलेच नाहीत" म्हणून रडणाऱ्या बाईचे पैसे कधी कधी दुसऱ्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. तेव्हा बँकेत असं विचारा: "डीबीटीसाठी माझं आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे?"

"मोबाइल लिंक आहे का?" हा तिसरा प्रश्न. आधारला कोणता नंबर जोडला आहे? घरधन्याचा, पोराचा, की बंद पडलेल्या सिमचा? ओटीपी त्याच नंबरवर जातो. पोरगा पुण्याला कामाला असला, तर आपलं काम त्याच्या फोनवर अडतं. आधार केंद्रावर जाऊन आपला स्वतःचा नंबर जोडून घ्या.

चौथी लिंक आपल्या हक्काची: बँक लिंकेज. म्हणजे बचत गटाला बँकेचं कर्ज. नाबार्डने १९९२ साली हे काम सुरू केलं. गट किमान सहा महिने चालू हवा आणि पंचसूत्री पाळणारा हवा: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. ही लिंक आपल्या वहीतूनच तयार होते.

आणि पाचवी लिंक मोबाइलवर येते. निळ्या अक्षरांची. "अनुदान मंजूर झालं, इथे दाबा." "केवायसी संपली, आजच करा." तिचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, ते दिसत नाही. बोट लावू नका. असं कोणी पाठवलेलं ॲप फोनमध्ये घेऊ नका. ओटीपी आणि पिन कोणालाच सांगू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. चूक होऊन गेलीच, तर लाजून बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे दूर.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने पासबुक आणि आधार घेऊन यावं. कोणाचं आधार कोणत्या बँकेला, कोणाचा मोबाइल कोणाच्या नावावर, ते एकमेकींना विचारावं. ज्या बाईला सांगता येणार नाही, तिच्यासोबत एकीने बँकेत जावं.

आमची मावशी आता खिडकीवर "लिंक नाही" ऐकून परत फिरत नाही. ती विचारते, "कायची लिंक साहेब? तुमची का माही?"