पदकावर नसलेलं नाव
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



नाणी जमवण्याचा माझा नाद तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. त्यामुळे संयोजकांनी "दहा मिनिटं बोल" म्हटल्यावर मी कशावर बोलणार, हे निम्म्या वर्गाने ओळखलंच असेल. पण आज संग्रहाची यादी वाचणार नाही. एकाच नाण्याची गोष्ट सांगतो. तिचा आपल्या आजच्या एका कामाशी संबंध आहे.

नोकरीनिमित्त मी सिडनीत स्थायिक झालो. तिथे शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी मला एक पदक दाखवलं. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा मोठं नाणं, त्यावर बसवलेला छोटा मुकुट, अडकवायला कडी, आणि कोरलेली तारीख ९ नोव्हेंबर १९१४. खाली दोन जहाजांची नावं, 'सिडनी' आणि 'एमडेन'. ते म्हणाले, "माझे आजोबा त्या लढाईत होते, असं घरात सगळे सांगतात. याचा इतिहास शोधून द्याल का?"

मी आधी पदक बाजूला ठेवून फक्त नाणं पाहिलं. निवडुंगावर बसलेला, चोचीत साप धरलेला गरुड. म्हणजे नाणं मेक्सिकोचं. आठ रेआलचं, वजनाने सुमारे २७ ग्रॅम, नव्वद टक्के चांदी. मग मेक्सिकोचं नाणं या दोन जहाजांच्या लढाईत आलं कुठून? चीनच्या किनाऱ्यावर तेव्हा व्यापारात हाच मेक्सिकन डॉलर चालत असे. 'एमडेन' ही जर्मन युद्धनौका चीनमधल्या चिंगताओ बंदरातली. तिच्या तिजोरीत हे डॉलर होते.

'एमडेन' आपल्याला अगदीच परकी नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. तमिळमध्ये जबरदस्त, वस्ताद माणसाला 'एमडन' म्हणतात, ते तिच्यावरूनच. पकडलेल्या व्यापारी जहाजांवरच्या माणसांना तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर नीट वागवतो, अशी त्याची ख्याती शत्रूकडेही होती.

९ नोव्हेंबरला ती हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरचं तार आणि बिनतारी संदेशांचं केंद्र मोडायला गेली. केंद्रातल्या लोकांनी तेवढ्यात संदेश पाठवला, आणि जवळून जाणारी ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' धावून आली. 'सिडनी'च्या तोफा सहा इंची, 'एमडेन'च्या चार इंचांच्या थोड्या वर. दुपार व्हायच्या आत फॉन म्युलरने मोडकं जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवलं.

पुढचा भाग ऐकायला कठीण आहे. 'सिडनी' एका दुसऱ्या जहाजाच्या मागे गेली आणि दुपारी चारच्या सुमारास परतली. 'एमडेन'वर निशाण अजून फडकत होतं. शरण येता का, असा इशारा दिला, त्याला समजेल असं उत्तर आलं नाही. कप्तान ग्लॉसपने पुन्हा तोफा डागायला लावल्या, तेव्हा निशाण उतरलं. 'एमडेन'वरचे १३० हून अधिक लोक त्या दिवसाच्या लढाईत गेले, 'सिडनी'वरचे चार. पदकावर यातलं काही नाही. तारीख आणि दोन नावं, बस्स.

पुढे त्या मोडक्या जहाजातून ६,००० हून अधिक मेक्सिकन डॉलर निघाले. त्यांतल्या १,००० डॉलरना सिडनीतल्या डब्ल्यू. केर या जवाहिऱ्याकडून मुकुट बसवून पदकं करवून घेतली. ती 'सिडनी'वरच्या लोकांना आणि कोकोसच्या केंद्रातल्या लोकांना दिली. उरलेली लोकांना विकली. माझ्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने कळीची गोष्ट हीच होती. पदकावर मिळवणाऱ्याचं नाव नाही, म्हणजे ते छातीवर मिळालं की दुकानातून आलं, हे पदक सांगत नाही. त्यासाठी 'सिडनी'वरच्या लोकांची यादी पाहावी लागली. त्यांच्या आजोबांचं नाव तीत नव्हतं. कोकोसच्या केंद्रातही ते कधी नव्हते.

सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं, कारण त्यांनी इतिहास विचारला होता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी हे पैसे देऊन घेतलं. तेव्हा घरात फार पैसे नव्हते. तरी घेतलं." पदक त्यांनी पुन्हा त्याच डबीत ठेवलं. नातवाला आता ते खरी हकिगत सांगतात.

आता आपल्याकडे या. आपल्या आया-आज्यांनी भांड्यांवर नावं घालून घेतली. कुणाकडून, कुणाला, कशाबद्दल, कोणत्या साली, सगळं त्या ठिपक्यांच्या अक्षरांत असायचं. सत्तर वर्षांनी माळ्यावरून काढलेला तांब्याही कोणत्या मामाने कोणत्या भाचीला दिला ते सांगतो. जवाहिऱ्याच्या त्या पदकाला जे जमलं नाही, ते बोहारणीकडे जाता जाता वाचलेल्या तांब्याला जमतं.

आज आपण शाळेला चांदीची ढाल देत आहोत. तिचा मजकूर मी पाहिला. शाळेचं नाव, 'माजी विद्यार्थी' आणि वर्ष. माझी विनंती आहे की 'आम्हाला शिकवणाऱ्या गुरुजनांच्या ऋणाबद्दल' एवढं तरी त्यात घाला. आणि ढालीवर मावणार नाहीत ती आपली सगळी नावं, आज आपल्यात नसलेल्या मित्रांचीही, एका कागदावर लिहून शाळेच्या दप्तरी द्या. पन्नास वर्षांनी एखाद्या मुलाने ढाल पुसताना विचारलं, "हे कोण होते?", तर त्याला उत्तर शाळेतच मिळालं पाहिजे.