मॉल, माल आणि थैली

आमच्या नांदगाव खंडेश्वरात मॉल नाही. पण मॉल हा शब्द मात्र घरोघरी पोहोचला आहे. सुटीत पुण्याहून आलेली माझी नात दुसऱ्याच दिवशी विचारते, "आजोबा, इथे मॉल कुठे आहे?" मी तिला आठवडी बाजारात नेतो. ती हसते. त्या हसण्यामुळेच मी या शब्दाच्या मागे लागलो.

आपला पहिला समज असा, की माल मिळतो तो मॉल. पण या दोन शब्दांचे नाते मुळीच नाही. माल अरबीतला, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. वऱ्हाडात तर कापूस, तूर, सोयाबीन म्हणजेच माल. मॉलचे मूळ आहे एका खेळात. लाकडी मोगरीने चेंडू टोलवायचा, असा तो इटलीतला खेळ. त्याच्या नावाचा अर्थच चेंडू आणि मोगरी. फ्रान्समार्गे तो लंडनला गेला आणि 'पॅल मॅल' झाला. 1660 मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या चार्ल्स राजाला त्याचा भारी नाद. सेंट जेम्स पार्कात झाडांच्या रांगांमधून त्यासाठी लांब पट्टी आखली गेली. तीच 'द मॅल'. पुढे खेळ मागे पडला, सावली उरली. लोक तिथे फिरू लागले आणि मॉल म्हणजे फिरण्याची जागा झाली. इंग्रजांनी हाच अर्थ इकडे आणला. सिमल्याचा, मसुरीचा मॉल रोड तो हाच.

दुकाने सगळ्यात शेवटी आली. व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन 1938 मध्ये नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेले. 1956 मध्ये मिनेसोटातील एडिना येथे त्यांनी आखलेले 'साउथडेल' उघडले. छताखाली बंदिस्त, आत हवा राखलेले असे हे पहिले मोठे खरेदी केंद्र. व्हिएन्नातल्या चौकासारखे लोकांनी तिथे भेटावे, बसावे, ही त्यांची इच्छा. पुढे उभे राहिलेले मॉल पाहून तेच निराश झाले. आपल्या मुंबईत 1999 मध्ये 'क्रॉसरोड्स' सुरू झाले आणि शब्द मराठीत रुळला.

आता मार्केट पाहा. त्याचे लॅटिन मूळ विक्रीच्या मालाशी जोडलेले आहे. म्हणजे माल खरा मार्केटात! आणि मार्केट वऱ्हाडाला नवे नाही. आमच्या शेजारच्या कारंजात 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतकऱ्याचा माल नीट मोजला जावा, भाव उघड व्हावा, यासाठी बाजाराला नियम लागतात, हे इथे तेव्हाच ओळखले गेले.

एकदा मी थोरल्या दादांना एका शहरातल्या मॉलमध्ये नेले. त्यांच्या थैलीत नातवंडांसाठी आणलेल्या ओल्या तुरीच्या शेंगा. दारावरच्या शिपायाने थैली बाहेर ठेवायला सांगितली. ती ठेवून दादा आत आले, एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काऊन बापू, अथी भाव कोनाले इचारा लागते?" मी म्हटलं, "दादा, भाव चिठ्ठीवर लिहिलेला असतो." ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. तिथूनही त्यांना उठवले. दादा रागावले नाहीत. थैली उचलत एवढेच म्हणाले, "आपल्या बाजारात कोनी उठवत न्हाई."

ते वाक्य मनात रुतून बसले आहे. मॉल वाईट असे मी म्हणत नाही. उन्हात गारवा, स्वच्छता, ठरलेला भाव, हे कुणाला नको आहे? पण मॉलला मालक असतो. कुणी बसायचे ते तो ठरवतो. आठवडी बाजारात चार जुड्या सांभार घेऊन आलेली म्हातारी गोणपाट अंथरते आणि तेवढी जागा संध्याकाळपर्यंत तिची होते. गावे वाढत आहेत, मोकळ्या जागांवर गाळे उठत आहेत. नकाशा आखताना त्या गोणपाटाएवढी जागा आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला एक झाडाची सावली राखली पाहिजे.

मॉल या शब्दाचा जुना अर्थ तरी दुसरा काय होता? सावलीतून चालायची वाट. नातीला आता मी तेच सांगतो. परवा ती बाजारातून स्वतः भाव करून बोरे घेऊन आली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)