टीबीची औषधं आणि माला-एन

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेली मांडणी)



गोळ्या घेऊनही दिवस गेले की बाईलाच विचारतात, "गोळी चुकवली असशील!" वस्तीतल्या एकीला नवऱ्याने विचारलं, सासूने विचारलं, दवाखान्यातही तेच. ती सांगत राहिली, "ताई, एका दिवसाचा खंड नाही." तिला टीबीचे उपचार चालू होते. त्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

नेहमीच्या टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन हे औषध ६ महिने रोज असतं. लघवी नारिंगी होते ती त्यानेच; ही खूण सांगितली की बायकांना लगेच कळतं. या औषधाने यकृत जास्त वेगाने काम करतं आणि माला-एन, माला-डीमधली संप्रेरकं शरीरात टिकत नाहीत. म्हणजे गोळी नेमाने घेऊनही पुरी पडत नाही. ७२ तासांच्या गोळीचाही परिणाम कमी होतो. टीबीची औषधं संपल्यावरही साधारण ४ आठवडे हा धोका राहतो.

पण म्हणून 'अँटिबायोटिक घेतलं की गोळी निकामी' असं सांगत सुटू नका. घशासाठी वगैरे देतात ती अमॉक्सिसिलिनसारखी औषधं गोळीच्या आड येत नाहीत. जोराच्या उलट्या-जुलाबांत गोळी अंगी लागत नाही, ती गोष्ट वेगळी. अर्धवट माहितीने बाई एक तर गोळी सोडते, नाहीतर औषध. आणि टीबीचं औषध मधेच सोडणं तिच्या जिवावर बेतू शकतं.

मग वापरायचं काय? तांबी चालते. निरोध चालतो, नवरा तयार असेल तर! अंतरा इंजेक्शनही रिफाम्पिसिनबरोबर चालतं. अशा इंजेक्शनांविषयीचे आपले आक्षेप जुने आहेत. पाळी बिघडते, इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, हे सगळं तिला सांगा आणि मग तिला ठरवू द्या.

खरी अडचण अशी, की टीबीची औषधं एका खिडकीवर मिळतात आणि माला-एन आशाताईंच्या पिशवीत असते. दोन्ही ठिकाणी बाई एकच, पण कार्डं दोन. टीबीच्या कार्डावर 'गर्भनिरोधक कोणतं?' एवढा एक रकाना हवा, ही मागणी आपण तालुक्याला लावून धरायला हवी. तोवर आपणच विचारायचं, आणि तेही सासूसमोर नाही.

दिवस गेलेच, तर गर्भनिरोधक अपयशी ठरणं हे गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीपासून २० आठवड्यांपर्यंत ते अविवाहित बाईलाही लागू आहे. मूल हवं असेल, तर टीबीचे उपचार गरोदरपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतात.