मूसा पर्वतावरील वाकिफली

तुर्कस्तानांत, सीरियाच्या सीमेजवळ, मूसा पर्वताच्या उतारावर वाकिफली नांवाचें चिमुकलें आर्मेनियन गांव आहे. १९१५ सालीं हद्दपारीचा हुकूम सुटतांच पंचक्रोशींतील बहुतेक आर्मेनियन बायकामुलांसह डोंगरावर चढले आणि लढले. अखेर चार हजारांवर माणसें फ्रेंच युद्धनौकांनीं पोर्ट सैदला पोंचविलीं. महायुद्धानंतर तीं परतलीं. १९३९ सालीं हा प्रांत तुर्कस्तानांत गेला, तेव्हां बहुतेकांनीं लेबनॉनची वाट धरली; वाकिफलीकर मात्र राहिले. लढण्याहून हें राहणें कदाचित् अधिक अवघड! आतां तुर्कस्तानांत आर्मेनियन म्हणून हें एकच गांव उरलें आहे.

संत्र्यांच्या बागांवर त्यांचा चरितार्थ चालतो. ऑगस्टांत द्राक्षांच्या सणाच्या आदल्या रात्रीं गहूं व मांस सात हंड्यांत शिजत ठेवतात. हे हंडे पूर्वींच्या सात गांवांची आठवण. भोंवतीं ढोल वाजतो, नाच होतो. सकाळीं चर्चमध्यें द्राक्षांस आशीर्वाद मिळाला कीं ती ‘हरीसा’ सर्वांस वांटतात. २०२३ च्या भूकंपांत चर्चला व पुष्कळ घरांना इजा झाली. गांव मात्र उठलें नाहीं.