स्त्रीराज्य, अंतराळयान आणि चूल

(बारामती येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



बारामती-इंदापूरकडे नवनाथांची पोथी पुष्कळ घरांत वाचली जाते. तेव्हा मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडल्याची कथा येथे नव्याने सांगावयास नको. पुरुषांना जेथे थारा नाही अशा राज्याच्या राणीपाशी गुरू आपले योगीपण विसरतो आणि शिष्य गोरखनाथ मृदंगाच्या बोलांतून त्याला सावध करून परत आणतो. प्रभात कंपनीने १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा ही राणी दुर्गाबाई खोटे यांनी रंगवली. स्त्रियांची सत्ता म्हणजे माया आणि तिच्यातून पुरुषाची सुटका म्हणजे उद्धार, हा या कथेचा मथितार्थ. जुन्या पोथीकडून याहून वेगळी अपेक्षा कोणी करू नये. नवल याचे की, विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांनीही तीच कथा उचलली आणि स्त्रीराज्याचा मुक्काम तेवढा दुसऱ्या ग्रहावर हलवला.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. पुढे ती आपल्या दूरदर्शननेही दाखवली. तिच्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या नव्या मालिकेत जानेवारी १९८८ मध्ये ‘एंजल वन’ नावाचा भाग झाला. त्या ग्रहावर स्त्रिया उंच, बलवान आणि राज्यकर्त्या; पुरुष ठेंगणे, अत्तर लावून सेवेला उभे. यानावरील अधिकारी रायकर तेथे जातो, तिकडचा उघड्या छातीचा पोशाख चढवतो, राज्यकर्ती त्याच्यावर भाळते, आणि बंडखोरांना दिलेला मृत्युदंड अखेरीस हद्दपारीवर येतो. बीबीसीच्या ‘द टू रॉनीज’ या विनोदी कार्यक्रमाने १९८० साली २०१२ मधील इंग्लंड रंगवले. तेथे सत्ता स्त्रियांची आणि पुरुषांच्या अंगात बायकी झगे. २०१२ साल येऊन गेले. इंग्लंडातील पुरुषांच्या विजारी शाबूत आहेत.

या कथांत पालखीत बसणारा आणि पालखी वाहणारा यांची अदलाबदल होते. पालखी मात्र तशीच राहते. पालखीच नको, असे कोणी म्हणू शकेल ही कल्पनाच त्या लेखकांना शिवत नाही. बरोबरी मागणाऱ्याच्या तोंडी सूडाची भाषा घालावी आणि मग त्या सूडाचे भय इतरांना दाखवावे, ही कोणत्याही मालकवर्गाची जुनी युक्ती आहे. येथे तिला करमणुकीचे रूप मिळाले, इतकेच.

मूळ ‘स्टार ट्रेक’ने एका कृष्णवर्णीय स्त्रीला अधिकारी म्हणून यानाच्या नियंत्रणकक्षात बसवले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु याच मालिकेच्या ३ जून १९६९ रोजी दाखवलेल्या शेवटच्या भागात एक स्त्री, कप्तानपद स्त्रियांना खुले नाही म्हणून, कप्तानाचे शरीरच बळकावते. आणि ती भ्रमिष्ट व थयथयाट करणारी दाखवली आहे. काळ तेविसाव्या शतकाचा! त्याच महिन्यात भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या, इस्रायलच्या गोल्डा मेयर होत्या. आणि याच बारामती तालुक्यात, नीरेकाठच्या निंबूत गावी, १९६३ ते १९६८ या काळात सर्वच्या सर्व सदस्य स्त्रिया असलेली ग्रामपंचायत आपली मुदत पुरी करून गेली होती. निंबूतच्या पुरुषांना कोणी अत्तर लावून उभे केल्याचे ऐकिवात नाही. स्त्रीला कप्तान करून तिच्याभोवती मालिका रचायला ‘स्टार ट्रेक’ला १९९५ उजाडावे लागले, पंचायतींतील एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती त्यापूर्वीच, १९९३ साली, अमलात आली होती. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले.

म्हणून फुशारकी मारण्याचे कारण नाही. सरपंचबाईंच्या खुर्चीत बसणारे ‘सरपंचपती’ सर्वांच्या परिचयाचे आहेत. महाराष्ट्रातील सर्व-स्त्री पंचायतींचा अभ्यास करणारे एक इंग्रजी पुस्तक १९९८ साली निघाले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘आणि चपात्या कोण करणार?’ असा आहे. खरा प्रश्न हाच, आणि अंतराळातील मालिका नेमका हाच चुकवतात. तेथे भिंतीतील यंत्रातून तयार ताट बाहेर येते. स्वयंपाकघर गेले, तेव्हा ते कोणाच्या गळ्यात होते हे विचारण्याची गरजही गेली.

याउलट बेगम रुकैया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ पाहावी. १९०५ साली मद्रासच्या एका नियतकालिकात आलेल्या या कथेतही उलटापालट आहेच. पुरुष पडद्याआड आहेत. पण ती पडद्याआडच्या बाईने पडद्याची केलेली थट्टा आहे. शिवाय तेथे रांधप सूर्याच्या उष्णतेवर होते, धूर नाही, कोळसा नाही. कचेरीचे काम दोन तासांत उरकते. चूल आणि कामाचे तास यांचा विचार केल्याविना नवा समाज कल्पिता येत नाही, हे ध्यानात घेऊन लिहिलेली ही विज्ञानकथा दूरचित्रवाणीच्या जन्मापूर्वीची आहे.

आता सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांभोवती हंगामात पडणाऱ्या कोप्यांकडे वळू. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. तो ऊस तोडतो. ती गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि त्याआधी पहाटे चूल पेटवते. उचल नवऱ्याच्या हाती पडते. हिशेबात बाई वेगळी नसतेच. येत्या हंगामात मुकादमाशी करार होताना बाईचे नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहून घेण्याची मागणी कार्यकर्त्यांनी कोप्यांवर जाऊन मांडावी, आणि ती मांडताना नवऱ्याबरोबर बाईलाही बोलण्यास बसवावे.